सहा कोंबड्या आणि काचेची खोली

वेल्मा ग्रिस्बीने ओहायोतल्या त्या लहान गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर तिने मागच्या अंगणात खुराडं बांधलं नि सहा कोंबड्या आणल्या. नियम तिने आधीच वाचून घेतले होते. एका घराला सहाच कोंबड्या, कोंबडा ठेवायचा नाही, आणि खुराडं शेजाऱ्याच्या घरापासून किमान पंचवीस फूट लांब. तिचं सत्तावीस फुटांवर होतं.

शेजारी क्लिंट हॅलोरन, घरांची दलाली करणारा. लहानपणी तिच्याच बसच्या मागच्या बाकावरून तो पोरांच्या टोप्या खिडकीबाहेर भिरकावायचा. कोंबड्यांमुळे आपल्या घराची किंमत उतरते, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"वास येतो, मिसेस ग्रिस्बी. इथे माणसं राहतात."

"रोज झाडते मी. वास तुझ्या नाकातच आहे, क्लिंट."

त्याने नगरपालिकेत तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा तपासनीस बाई आल्या, फीत लावली आणि सगळं नियमात आहे असं लिहून गेल्या.

मग वसंतात क्लिंटने घराच्या मागे, थेट वेल्माच्या दिशेने, सहा फुटांची काचेची खोली वाढवली. रंग वाळायच्या आत त्याने बाईंना पुन्हा बोलावलं. या खेपेला अंतर भरलं एकवीस फूट. घर वाढलं, तर अंतरही वाढीव भिंतीपासूनच मोजायचं. वेल्माला नोटीस आली, तीस दिवसांत खुराडं हलवा. हलवणार कुठे? पलीकडे दुसऱ्या शेजाऱ्याचं घर अंगाला चिकटून होतं.

"मुद्दाम केलंस तू!" ती कुंपणाशी जाऊन ओरडली.

"सिद्ध करा की," क्लिंट हसला. "कोंबड्यांना बोलवा साक्षीला."

तिने कोंबड्या पेटीत घालून बहिणीच्या शेतावर नेल्या. वाटेत उन्हाने ठिपक्यांची म्हातारी कोंबडी गेली. वेल्माने तिला बहिणीच्या कुंपणाशी पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिका उघडताच खिडकीशी जाऊन क्लिंटच्या खोलीचा मंजूर नकाशा मागितला. तो कुणालाही मिळतो. नकाशात खोली नियमाप्रमाणे हद्दीपासून दहा फुटांवर होती. घरी येऊन तिने हद्दीच्या खुंटीपासून फीत ताणली. भरले साडेआठ.

आता तक्रार तिची होती. नगरपालिकेच्या पाच जणांच्या मंडळापुढे सुनावणीला क्लिंट शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून आला. दीड फुटाची सूट द्या, म्हणाला, मिस्त्रीची चूक झाली.

वेल्मा उठली. "माझ्याकडे चार फूट कमी भरले, तेव्हा याला सूट आठवली नाही. नियम नियम म्हणून नाचत होता. आता नाच म्हणावं!"

क्लिंट लाल झाला. "या बाईला लहानपणापासून माझा राग आहे."

"तेव्हा नव्हता," वेल्मा म्हणाली. "आता आहे."

मंडळाने चार विरुद्ध एक मतांनी सूट नाकारली. काच दीड फूट कापता येत नाही, म्हणून क्लिंटला अख्खी खोली उतरवावी लागली. अंतर परत सत्तावीस फूट झालं आणि त्याच आठवड्यात वेल्माने पाच कोंबड्या परत आणल्या.

तेव्हापासून क्लिंटची बायको तिला पाहिलं की रस्ता ओलांडते.

"शेजाऱ्याचं घर पाडून काय मिळवलंस? लाज वाटेल तुला कधीतरी," बहीण फोनवर म्हणाली.

"वाट बघतेय," वेल्मा म्हणाली. "अजून तरी वाटली नाही."