शेवटच्या काचेवरचा निळा रंग

आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी पुण्याहून वीजवाहक काचेचे तीन तुकडे रुमालात गुंडाळून आणले आणि ते माझ्या स्वाधीन केले. काचेवर निळ्या रसायनाचा पातळ थर चढवून ती भांड्यातल्या क्षाराच्या पाण्यात बुडवली आणि टॉर्चच्या सेलच्या तारा जोडल्या की निळा रंग विरून जायचा. तारा उलट केल्या की परत यायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी लगेच तारा पुन्हा उलट केल्या.

पण दहा-बारा बदलांत थराच्या कपच्या सुटायच्या. आपल्या काळ्या मातीचा कण म्हणजे एकावर एक रचलेले पापुद्रे. त्यांत रंग मुरवला तर तो धरून राहील, असं मला वाटलं. माकणी गावातल्या मामांकडून डबाभर माती मागवली. पाण्यात ढवळून, खडे खाली बसल्यावर वरचं गढूळ पाणी काचेवर ओतलं, उन्हात ठेवलं. तासाभरात भेगाच भेगा. खरवडताना काचेचा वीजवाहक लेपही निघाला. दुसरा तुकडाही तसाच गेला.

सर म्हणाले, "तिसरा गेला की हे बंद. सोमवारपासून विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासायला घे." दुष्काळामुळं ते नमुने पोत्यानं येत होते.

काचसामान धुणाऱ्या मावशी ऐकत होत्या. सर गेल्यावर म्हणाल्या, "काळ्या मातीनं कुणी सारवतं व्हय, ताई? रानात हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. इंग्रजी शाळेत माती दावत न्हाईत वाटतं."

मी धीर करून विचारलं, "मग कसं करू, मावशी?"

"लई जाड घालता तुमी. ताकाच्या निवळीगत पातळ करा. एक हात द्या, सावलीत वाळू द्या, मग दुसरा. ऊन लागू देऊ नका."

मी पाच हात दिले. काच दोन दिवस उपड्या घमेल्याखाली ठेवली. एकही भेग नव्हती. मग त्या मातीत निळा रंग मुरवला.

शनिवारी तारा जोडल्या. दहावा बदल, बारावा, पंधरावा. भांड्याचा तळ स्वच्छ, एकही कपची नाही. तिसाव्याला मावशींनी पुढं होऊन सेल धरला. चाळिसाव्याला सर येऊन मागं उभे राहिले. पन्नासाव्यालाही रंग तसाच गडद परतला.

"विहिरींचं काम दुसऱ्या कुणाला देतो," सर म्हणाले.

मी मान वर केली नाही. एक्कावन्नाव्यासाठी तारा उलट करायच्या होत्या.