घंटागाडीपाशी भरलेली सभा

घंटागाडीच्या भोंग्यावर आज पुन्हा पुकारा झाला: संध्याकाळी वॉर्डसभा आहे, नागरिकांनी यावं. कचऱ्याच्या बादल्या घेऊन उभ्या असलेल्या आम्ही बायका तेव्हा पाण्यावरच तावातावाने बोलत होतो. नळाला पाणी येतं भर दुपारी, आम्ही सगळ्या कामावर असताना.

मागच्या सभेला मी एकटीच गेले होते. पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "ताई, वेळ बदलू की. पण तुमच्या एकटीच्या सांगण्यावरून कशी बदलू?"

"शोभाताई, आज चला," मी शेजारणीला म्हटलं.

"अगं, आपलं कोण ऐकतंय?" म्हणत त्यांनी बादली गाडीत उपडी केली.

गाडी पुढे गेली आणि बायकाही पांगल्या. आमची सभा खरं तर इथेच भरली होती. ऐकणारे साहेब मात्र संध्याकाळी रिकाम्या खुर्च्यांसमोर बसणार होते.