गुंडू गवंड्याने बांधलेला यरीहोचा तट

नावं ठेवणं हा गुंडू गवंड्याचा खरा धंदा. भिंती तो पोटापुरत्या बांधी. १९८१ साली बहारीनमध्ये जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, त्यामुळे दोन्ही धंद्यांत त्याला उसंत नव्हती. बुदैया गावातले नवे बंगले म्हणे कागदाचे, बाकीचे गवंडी म्हणे लोणी थापणारे, आणि इंजिनिअरांना तर ओळंबा कुठल्या टोकाने धरायचा तेही ठाऊक नाही.

मुहर्रक शहरातल्या त्याच्या खोलीत हे ऐकून घेणारे पुष्कळ होते. ऐकून न घेणारी एकच, त्याची बायको शेवंती. ती मालवणजवळच्या गावाहून व्हिजिट व्हिसावर आली होती. गुंडूने गावी बांधलेली गोठ्याची भिंत वर्षाच्या आत कोसळून खाली म्हैस मेली होती. त्यामुळे नवऱ्याने कुणाच्या कामाला नाक मुरडलं की ती एवढंच विचारी, "आणि म्हस?"

अशात हेमचंद्र गायकवाड त्याच्याकडे आले. नगरकडचे ख्रिस्ती, बँकेत अकाउंटंट. मराठी प्रार्थनामंडळीतल्या पोरांचं नाटक ते बसवत होते. बायबलातलं यरीहो शहर. यहोशवाची माणसं सात दिवस तटाभोवती फिरतात, शेवटी शिंगं फुंकून आरोळी ठोकतात आणि तट कोसळतो. त्यासाठी एसीच्या रिकाम्या खोक्यांचा तट हवा होता.

"नुसती रचा, गुंडूभाऊ. दोरी ओढली की पडली पाहिजेत."

"वरडल्यार पडलो?" गुंडू फिसकन हसला. "तट होतो काय पापड? खंयच्या गवंड्यान बांधल्यान तो?"

"देवाने पाडला हो."

"देवाक कित्याक बोल लावतास? काम कच्चा होता म्हणान सांगा."

हेमचंद्रांनी चहा निवेपर्यंत समजावलं. यहोशवाच्या हेरांना लपवणाऱ्या राहाबचं घर त्याच तटात होतं, तेवढं वाचलं. पुढे लोकांनी त्या शहरावर गाणी रचली, पंडितांनी माती उकरून ग्रंथ लिहिले. गुंडूच्या डोक्यात एवढंच शिरलं, की हजारो वर्षं लोक एका पडलेल्या भिंतीबद्दल बोलतायत. त्या गवंड्याला घरी काय ऐकावं लागलं असेल, हे त्याला अगदी नीट कळत होतं.

शेवंती नाटकाला येणार होती. तिच्या डोळ्यांदेखत दुसरी भिंत पडली, तर मेल्यावरही सुटका नव्हती. त्याने खोकी विटांसारखी, सांध्यावर सांधा येऊ न देता, ओळंब्यात रचली, खालच्या थरात वाळू भरली, मागून पट्ट्या ठोकून सगळं तारेने आवळलं. दोरी तेवढी शोभेला लोंबत ठेवली. वेडेपणाला मर्यादा असते म्हणतात; म्हणणाऱ्याने गुंडू पाहिलेला नसावा.

शुक्रवारी हॉल भरला. पोरांनी फेऱ्या मारल्या, शिंगं फुंकली, आरोळी ठोकली. हेमचंद्रांनी दोरी ओढली, ती सुटून त्यांच्या हातात आली. पोरं पुन्हा ओरडली, घसे बसेपर्यंत ओरडली. यहोशवा झालेल्या पोराने लाथ मारली आणि पाय धरून तो खालीच बसला. लोक हसायला लागले. खिडकीतून राहाब झालेली लीना म्हणाली, "अंकल, इट्स नॉट फॉलिंग!"

हेमचंद्र घामाघूम होऊन पडद्यामागे धावले. "गुंडूभाऊ, तार कापा! पोरांची मेहनत आहे हो!"

पक्कड गुंडूच्या खिशातच होती. त्याने फटीतून शेवंतीकडे पाहिलं. ती तटाकडे टक लावून बसली होती. त्याने पक्कड काढली नाही. शेवटी पडदा ओढावा लागला, आणि यहोशवा बापाच्या कुशीत हुंदके देत घरी निघाला.

गुंडू छाती काढून बायकोसमोर उभा राहिला. "बघलंस? अख्खी पलटण वरडली. हललो काय?"

शेवंतीने रडणाऱ्या पोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"बघलंय," ती म्हणाली. "तुमची भिंत पडली तरी दुसरोच मरता, नाय पडली तरी दुसरोच."