बाबांची कात्री आणि थुंकीचा रिपोर्ट

सगळा घोळ मीच घातला. नवऱ्याच्या साठाव्या वाढदिवसाला काय द्यावं सुचेना, म्हणून पूर्वज कुठले ते सांगणाऱ्या तपासणीचे दोन डबे मागवले. एक त्याला, एक माझ्या नणंदेला. नळीत थुंकायचं, पाठवायचं, झालं.

नणंदेला आम्ही ताई म्हणतो, त्या थोरल्या. वडिलांच्या शिंप्याच्या दुकानात चाळीस वर्षं त्या कापड बेततात, भाऊ, म्हणजे माझा नवरा, शिवतो. बाबांची जाडजूड कात्री ताईंचीच. तिने कोणी कागद कापला, धार घालवली, की त्याची खैर नाही.

रिपोर्ट आले. दोघांनी ते दुकानातल्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले, जोडीच्या बाह्या ताडून पाहतात तसे. आणि जुळेनात! समुद्रापलीकडच्या एका मुलखाचे याला एकोणीस टक्के, ताईंना सहाच.

ताईंचा चेहरा पडला. "म्हणजे मी बाबांची नाही," एवढंच म्हणाल्या. कात्री भावापुढे ठेवली आणि घरी गेल्या. आठ दिवस दुकानाकडे फिरकल्या नाहीत. फोनही उचलेनात. माझा जीव टांगणीला. अहो, बाबांचं नाक, बाबांचा हेका, सगळं ताईंनीच तर उचललंय!

शेवटी लेकीला घेऊन त्यांच्या घरी धडकले. लेक प्रयोगशाळेत काम करते. तिने दुकानातून आणलेला बटणांचा डबा पुढे केला. "आत्या, डोळे मिटून निम्मी काढ." ताईंनी काढली. "आता परत टाक, पुन्हा काढ." या खेपेला निळी कमी, पांढरी जास्त.

"डबा तोच ना? आईबाबांकडून प्रत्येक लेकराला निम्मं निम्मं मिळतं, पण तेच निम्मं नाही. आणि टक्के म्हणजे आजच्या लोकांशी ताडून काढलेला अंदाज. खूप मागे गेलं तर सगळ्यांचंच मूळ आफ्रिकेत."

"आमच्या वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ बाईचंही?" मी विचारलं.

"तिचंही, आई."

घ्या!

मग तिने ताईंच्या मोबाइलवर नातेवाइकांचं पान उघडलं. आम्ही कोणी तिथवर गेलोच नव्हतो. पहिल्याच ओळीत भावाचं नाव, आणि पुढे 'सख्खा भाऊ, आईवडील एकच'.

ताई ढसाढसा रडल्या. मग चपला अडकवून थेट दुकानात. कात्री उचलली, धारेवरून अंगठा फिरवला आणि कडाडल्या, "काय कापलंस रे हिने?"

"तुझा रिपोर्ट," भाऊ पुटपुटला. "बारीक तुकडे केले."

"गाढवा! बाबांच्या कात्रीने कागद?" म्हणत त्यांनी त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. साठ वर्षांचा माझा नवरा तो धपाटा खाऊन डोळे पुसत हसत होता.