नव्या रंगाची बाटली

माझी ताई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मागच्या खोलीत बसायची. खिडकी नाही, एकच खुर्ची, त्यातच आयुष्य गेलं बाईचं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग ओतायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी ओळखायच्या: ही नारिंगी दाण्यांची, ही तुकड्यातुकड्यांच्या केंद्रकाची, ही गोल गरगरीत लिम्फोसाइट. मोजणीचं यंत्र आलं तेव्हा वाटलं, सुटली. कसलं काय! यंत्राला शंका आली की पट्टी ताईकडेच. तुमच्याशिवाय पान हलत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. गोड बोलून बैल जुंपतात ते असं.

शेवटी तिनं राजीनामा दिला. लेकीकडे कायमची जाणार होती, तिकीटही काढलं होतं.

शेवटच्या आठवड्यात रंगाची नवी बाटली उघडली. आमच्याकडे रीत अशी, की नवा रंग आधी आपल्याच रक्तावर पाहायचा. ताईनं बोट टोचलं. मीही तिथेच कामाला, शेजारी नळ्या लावत होते. ती भिंगावरून डोळा काढेना, म्हणून मी चिडवलं, की जाताजाता स्वतःच्या पेशींचाही निरोप घेतेस का?

रंग बिघडलाय, म्हणाली. जुन्या रंगानं दुसरी पट्टी केली. तेच. मग म्हणाली, हात जड पडला असेल, पेशी चिरडल्या. तिसरी केली. मग माझंच बोट ओढलं. नव्या रंगात माझं रक्त अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं दिसलं. मेली लाज वाटली मला त्या रक्ताची.

मी तिची पट्टी पाहिली. जिकडेतिकडे लिम्फोसाइट, मध्ये फुटलेल्या पेशींचे डाग. इतकं मलाही कळतं. रक्ताचा कॅन्सर असावा.

तिच्या दंडातून मीच रक्त काढलं आणि कुणाला न सांगता बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे पेशींना चमकणारी प्रथिनं चिकटवतात, एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात आणि तिची जात ठरवतात. उत्तर तेच आलं. आजार संथ आहे, पण आता जन्मभर तपासण्या आणि पुढेमागे औषधं.

"नोकरी आहे तोवर उपचार फुकट," ताई म्हणाली. "तिकीट रद्द कर. आणि लेकीला एक अक्षर सांगायचं नाही."

मी भांडले, रडले. ती ऐकते होय?

राजीनामा मागे घेते, एवढंच तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते इतके खूश झाले, की सगळ्यांना चहा मागवला.

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "तुम्हाला ही खोली सोडवणार नाही."

ताई हो म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.