दोन नंबर एका दिवशी नकोत

"सर, तुमच्या नव्या प्रोग्रामनं दोन भावांना एकाच दिवशी तोड दिली," गायकवाड फोनवर म्हणाले. "दोन ट्रॅक्टर पांदणीत तोंडाला तोंड लावून उभे हायत. कालपासून."

मी म्हणालो, मग त्यात प्रोग्रामचा काय गुन्हा? एकाला मागं घ्यायला सांगा.

"तुम्हीच येऊन सांगा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

गायकवाड म्हणजे लातूरकडच्या एका साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी. मी वाघमारे, नांदेडमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर. वय अठ्ठावन्न. आमच्या धंद्यात या वयाला माणूस एकतर साहेब होतो, नाहीतर अडगळ. मी साहेब झालो नाही.

आधी थोडं समजावून सांगतो. कारखान्याकडं हजारो शेतकऱ्यांच्या उसाची नोंद असते. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे लागणीच्या तारखेवरून ठरतं. आधीची लागण आधी, नंतरची नंतर. या यादीला तोडणी प्रोग्राम म्हणतात. यादीत नंबर आला की शेतकऱ्याला चिठ्ठी मिळते, वावरात ऊसतोड मजुरांची टोळी उतरते आणि ट्रॅक्टर लागतो. त्या कारखान्याची ही यादी काढणारा प्रोग्राम एकोणीस वर्षांपूर्वी मी एकट्यानं लिहिला होता, फॉक्सप्रो नावाच्या भाषेत. ही भाषा आता म्हातारी झाली. ती येणारी माणसंही माझ्याच वयाची आहेत.

मागच्या पावसाळ्यात कारखान्यानं सांगितलं, सगळं नव्यानं करा, शेतकऱ्याला मोबाईलवर दिसलं पाहिजे. मी अंदाज दिला तीन महिन्यांचा. आमच्या मालक रेणुका मॅडम म्हणाल्या, "AI असिस्टंट घ्या हाताशी." ही पोरगी कधीकाळी माझ्याच क्लासात कम्प्युटर शिकली. आता मी तिला मॅडम म्हणतो आणि ती मला सर म्हणते. हिशोब बरोबर आहे.

AI असिस्टंट म्हणजे, काय पाहिजे ते आपण साध्या भाषेत सांगायचं, कोड ते लिहून देतं. मला आधी वाटलं, झालं, आपलं दुकान उठलं. दोन दिवस मी त्याच्याशी फुगून वागलो. तिसऱ्या दिवशी माझा जुना कोड त्याच्यापुढं टाकला. त्यातलं निम्मं मलाच कळत नव्हतं. एका ठिकाणी तर मी थोरल्या लेकीचं नाव देऊन ठेवलं होतं, का ते देव जाणे. त्या बाबानं सगळं वाचलं आणि कुठं काय चाललंय ते मला समजावून सांगितलं. माझंच पोरगं परक्यानं मला ओळखून दाखवावं तसं.

तीन महिन्यांचं काम सोळा दिवसांत झालं. खोटं कशाला बोलू, मी लई खूश झालो. ऑफिसात पेढे वाटले. मॅडमकडं एक तक्ता असतो, कुणाचे किती तास कशात गेले त्याचा. तो तक्ता त्यांनी सगळ्यांना उघडून दाखवला.

आणि जानेवारीत, गळीत ऐन भरात असताना, हा फोन.

मी जुना कोड उघडला. शोधता शोधता एक ओळ सापडली. त्यात दोन सभासद शेतकऱ्यांचे नंबर होते. हे दोन नंबर एका दिवशी आले तर दुसऱ्याला चार दिवस पुढं ढकल, एवढंच त्या ओळीचं काम. शेजारी कॉमेंट नाही. कॉमेंट म्हणजे कोडमध्ये माणसासाठी लिहून ठेवलेली टीप. कम्प्युटर ती वाचत नाही, पुढचा प्रोग्रामर वाचतो. तेव्हा मी जवान होतो, मला वाटायचं सगळं माझ्या ध्यानात राहील.

नव्या प्रोग्राममध्ये ही ओळ नव्हती. असिस्टंटनं काम संपल्यावर बदलांची यादी दिली होती, एकतीस बदल. ती काढून बघितली. बाविसावा बदल असा होता: दोन सभासदांचे नंबर थेट कोडमध्ये लिहिले आहेत, सामान्य नियमात बसत नाहीत म्हणून काढले आहेत, काही खास कारण असेल तर कृपया खात्री करा. त्याच्यापुढं मी ओके दाबलं होतं. एकतीसच्या एकतीस बदलांना दाबलं होतं, चहा गार व्हायच्या आत. काम सोळा दिवसांत कसं उरकलं, त्यातलं थोडं मला तेव्हा कळलं.

ती ओळ मला घालायला लावली होती जाधव साहेबांनी. ते तेव्हा शेतकी अधिकारी होते, आता रिटायर होऊन देगलूरला असतात. फोन लावला. दोन नंबर ऐकताच ते हसायला लागले. मी तेव्हा कारण विचारलं तर त्यांनी सांगितलं होतं, कारण विचारू नको. आता सांगितलं. दोघं सख्खे भाऊ, थोरले गुंडेराव आणि धाकटा बळीराम. थोरल्याचं वावर मागं, धाकट्याचं पुढं, मधून एकच पांदण, एक ट्रॅक्टर जेमतेम जाईल एवढी. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ कुणी तोडली यावरून तकरार झाली आणि बोलणं बंद पडलं. पुढं एका हंगामात दोघांची तोड एका दिवशी आली.

"कुऱ्हाड निघाली होती रे त्या दिवशी," जाधव साहेब म्हणाले. आता ते हसत नव्हते.

मी तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. बाविसाव्या बदलासकट. त्यांनी गाडीची किल्ली उचलली. भावांचं गाव शिरूर अनंतपाळकडं, नांदेडहून अडीच-तीन तास लागतात. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, दुरुस्तीला किती वेळ लागेल? मी म्हणालो, ओळ घालायला एक मिनिट. मी मुदखेडचा, वडील रेल्वेत होते. एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ द्यायच्या नसतात, एवढं मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी मीच आणल्या.

पांदणीत चित्र असं होतं. गुंडेरावांच्या वावरातून भरलेला ट्रॅक्टर बाहेर निघालेला, बळीरामच्या वावराकडं रिकामा आत शिरलेला. दोन्हींना दोन-दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्या जोडल्या की ट्रॅक्टर सरळ मागं घेता येत नाही, त्या वाकड्या होऊन धुऱ्यात घुसतात. रिकाम्या ट्रॉल्या सोडून बाजूच्या वावरात ढकलल्या असत्या तर सुटलं असतं. पण ते वावर बळीरामचं. थोरल्याच्या गाडीसाठी तो हात लावू देईना. आणि दोन्हीकडं तोडलेला ऊस उन्हात पडून. तोडलेल्या उसाचं वजन दर दिवसाला घटतं. वर्षभर पाणी दिलेलं पीक दोघांच्याही डोळ्यांदेखत वाळून राहिलं होतं. गायकवाड या गटात नवे, त्यांनी या दोघांची तोड कधी एकत्र बघितलीच नव्हती. आदल्या दिवसापासून समजावून समजावून ते बेजार झाले होते.

दोघं भाऊ पांदणीच्या दोन बाजूंना बसले होते. दोघांचीही साठी उलटलेली. कुऱ्हाड दिसली नाही. मला बरं वाटलं.

मी मधे उभा राहिलो आणि सरळ सांगून टाकलं. चूक माझी आहे. तुमचे दोन नंबर एका दिवशी येऊ नयेत अशी ओळ कम्प्युटरात होती. एकोणीस वर्षं होती. नवा प्रोग्राम करताना ती माझ्याकडून निघाली.

मग गुंडेरावांनी विचारलं, "आमचं भांडण कारखान्याच्या कम्प्युटरात हाय?"

"हाव. होतं."

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "मला वाटायचं, माझी तोड दरसाल आधी येती, नशीब हाय."

"आन् माझी चार दिवस मागं," बळीराम तिकडून म्हणाला. तो बोलला माझ्याकडं बघूनच. पण उत्तर भावाच्या बोलण्याला होतं. गायकवाडांनी माझ्याकडं बघितलं.

थोड्या वेळानं बळीरामनं विचारलं, "सर, ती ओळ परत घालता येती का?"

"येते. दोघं म्हणत असाल तर."

"घाला," गुंडेराव म्हणाले.

"घाला," बळीराम म्हणाला.

कुऱ्हाड निघाली त्या सालापासून आज पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं. आणि झालं ते भेट पुन्हा होऊ नये यावर. मी म्हणालो, घालतो, पण आधी ट्रॉल्या हलवा.

बळीराम उठला. रिकाम्या ट्रॉल्या सोडल्या. टोळीतल्या माणसांनी त्या त्याच्या वावरात ढकलल्या, चाक कुठून न्यायचं ते तो स्वतः दाखवत होता. भरलेला ट्रॅक्टर बाहेर पडला. दिवस मावळायच्या आत धाकट्याचाही निघाला. थोडं वजन गेलं असेल, पण ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचला. मॅडमनी टोळीसाठी चहा सांगितला. दोघं भाऊ चहा प्यायले, आपापल्या धुऱ्यावर बसून.

या खेपेला ओळीसोबत कारणही लिहून ठेवणार, असं मी बोलता बोलता म्हणालो होतो. निघताना गुंडेराव गाडीजवळ आले.

"कारणात भांडण लिहू नका, सर. नातू मोबाईलवर सगळं बघतो."

मी बरं म्हणालो. ते गेले. दुसऱ्या खिडकीशी बळीराम येऊन उभा राहिला. थोरल्यानं काय सांगितलं हे त्याला ऐकू गेलं नव्हतं. तो म्हणाला, कारण लिहिताना जरा सांभाळून लिहा, पोरं शिकलेली हायत.

त्याच रात्री नांदेडला येऊन असिस्टंटला सगळी हकीकत सांगितली. ते म्हणालं, असे नंबर कोडमध्ये लिहू नका, वेगळी यादी करा, अधिकारी स्वतः जोड्या घालतील, समोर कारणाचा रकाना ठेवा. सल्ला चांगला होता. पाच मिनिटांत त्यानं करूनही दिलं. यावेळी मी प्रत्येक ओळ वाचली, मग ओके दाबलं. आठवड्यात गायकवाडांनी आणखी नऊ जोड्या घातल्या. कारणं: धुरा, धुरा, विहीर, मोडलेली सोयरीक, परत धुरा. पहिल्या जोडीचं कारण मी लिहिलं. पांदण अरुंद. खोटं काहीच नाही त्यात.

मग मी ते बाकीचे तीस बदल काढले आणि माणसांना फोन करकरून एकेक तपासला. नऊ दिवस गेले. आणखी दोन ठिकाणी असंच काहीतरी निघालं, नशिबानं लहान. लोक मला विचारतात, AI आल्यानं प्रोग्रामरचं काम खरंच लवकर होतं का? होतं. सोळात नऊ मिळवा, तो एक दिवस मिळवा, तरी तीन महिन्यांच्या निम्म्याइतकंसुद्धा होत नाही. मी असिस्टंट सोडणार नाही, रिटायर व्हायला उरलेली दोन वर्षं मजेत जातील. फक्त पेढे आता यादी वाचून झाल्यावर वाटतो.

महिनाअखेरीला मॅडम तक्ता भरत होत्या. तो गावाकडचा दिवस कशात धरायचा, त्यांनी विचारलं. तक्त्यात रकाने तीनच होते, कोडिंग, टेस्टिंग आणि मीटिंग.

"कोडिंगमध्ये धरा," मी म्हणालो.

"दिवसभरात लिहिलं किती?"

"दोन शब्द."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि कोडिंगच्या रकान्यात आठ तास लिहिले.