डाव्या दिव्याला अर्थ नाही

बायको गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मला तिच्या गाडीचा राग आला. तोवर फक्त माणसांचा येत होता.

डावीकडचा इंडिकेटर लावला की तो दुप्पट वेगाने टिकटिकायचा, एखाद्या वैतागलेल्या माणसाने टेबलावर बोटं आपटावीत तसा. उजवीकडचा संथ, शहाण्यासारखा. मी उतरून मागे गेलो. पुढचा डावा दिवा लुकलुकत होता, मागचा डावा बंद होता. आणखी एक चमत्कारिक गोष्ट मला त्याच दिवशी आरशातून मागच्या भिंतीवर दिसली. ब्रेक दाबला की तो बंद दिवा अगदी मंद, पिवळट उजळायचा. नको तेव्हा पेटणारा आणि हवा तेव्हा न पेटणारा.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षांनी पासिंग पुन्हा करून घ्यावं लागतं. गाडी आरटीओच्या मैदानावर न्यायची, दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं एकेक करून दाखवायचं. मला तारीख मिळाली होती शुक्रवारची. शिवाय गाडी बायकोच्या नावावर. ती माझ्या नावावर करायची तर मुलाची सही लागणार होती, आणि मुलाला ती भंगारात द्यायची होती.

"बाबा, त्या गाडीत काही अर्थ राहिलेला नाही," तो फोनवर म्हणाला. तो इंद्रलोकला राहतो, आमच्या मीरा रोडच्या घरापासून वीस मिनिटांवर. पण आईचं तेरावं झाल्यापासून आमचं बोलणं फोनवरच होतं.

"मला हवी आहे."

"कशाला? तुम्ही कधी चालवलीत?"

"लायसन्स आहे माझ्याकडे."

"लायसन्स तीस वर्षं आहे. आई स्वतः चालवत जायची, बाबा. औषध चढवून घ्यायला. आणि तुम्ही शेजारी बसून प्रुफं तपासत होतात."

हे खरं होतं. घोडबंदर रोडने ठाण्याच्या हॉस्पिटलात तीच गाडी न्यायची आणि तीच परत आणायची. शेवटचे दोन महिने सोडले तर दर वेळी. मी डाव्या सीटवर. मांडीवर कुणाच्या तरी पुस्तकाची पानं, हातात लाल पेन. मी चालवतो असं मी म्हणायचो, म्हणजे सुरुवातीला एकदोनदा म्हणालो. ती हसायची. "तुम्ही चालवलीत तर मी हॉस्पिटलपर्यंत टिकायची नाही." मला तो विनोद सोयीचा होता. मी तो विनोद म्हणूनच घेतला.

खरं होतं म्हणून मी आवाज चढवला. "तू तरी किती वेळा आलास?"

मग तो अगदी सावकाश म्हणाला, "शुक्रवारी पास झाली तर मी सही करतो. नाही झाली तर शनिवारी भंगारवाला येईल. मी त्याच्याशी बोललोय." आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी गाडी घेऊन मी हाटकेशला गेलो. तिथे एका गाळ्यात तिचा मेकॅनिक बसतो. 'तिचा' म्हणायचं कारण मी त्याला आधी दोनदाच पाहिलं होतं, तेही गाडीत बसून. चाळिशीचा, आडवा माणूस, इथल्याच जुन्या गावातला. त्याच्या घरची मिठागरं होती, आता तिथे बिल्डिंगी आहेत. घरापासून गाळ्यापर्यंतचं अंतर दहा मिनिटांचं, मला पाऊण तास लागला. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. मला त्यांच्यातल्या प्रत्येकाचं वाईट व्हावं असं वाटत होतं.

मेकॅनिकने गाडी ओळखली, मला नाही. "ताई न्हाय आल्या?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. त्याहून अधिक कुणाला सांगायची मला शक्ती नव्हती.

दिव्याचं आणि शुक्रवारच्या पासिंगचं सांगून मी गाळ्याबाहेर उभा राहिलो. आतून खडखड आली, त्याचं फोनवर कुणाला तरी हिंदीत झापणं आलं. डिकीत डोकं घालून तो काहीतरी करत होता. थोड्या वेळाने तो बाहेर आला, कापडाला हात पुसत म्हणाला,

"काका, हिच्यात अर्थच न्हाय राहिला."

मी चाळीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं आहे. लोकांच्या लिखाणातला एक शब्द दोनदा आला तर तो लगेच माझ्या नजरेत येतो. मुलाचं वाक्य जवळजवळ शब्दशः माझ्यासमोर उभं होतं. त्याने भंगारवाल्याला फोन केला तसा ह्यालाही केला असणार, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही.

"किती वाजता फोन आला त्याचा?" मी विचारलं.

"कोनाचा?"

"माझ्या मुलाचा."

"तुमच्या पोराला मी कुठं वळखतो?"

"मग गाडीत अर्थ आहे की नाही हे तुम्हाला कुणी विचारलं? तुम्हाला दिवा दुरुस्त करायला सांगितलंय. दिवा करा."

"अवो काका, अर्थ नसंल तं दिवा कसा पेटंल?"

हे मला निव्वळ कुत्सित वाटलं. मेकॅनिकने तत्त्वज्ञान सांगावं, तेही मला, तेही तिच्या गाडीबद्दल. "अर्थ आहे की नाही ते माझं मी ठरवीन," मी म्हणालो. शेजारच्या गाळ्यातले दोघे हातातलं काम थांबवून ऐकत होते.

"तुम्ही कसं ठरवनार? शुक्रवारी आरटीओवाला ठरवंल!"

शेजारचे दोघे हसले. मी गाडीत बसलो आणि निघालो. मागून तो ओरडत होता, "काका, डिकी! डिकी उघडी हाय!" मी थांबलो नाही. उघडी डिकी वर-खाली आपटत मी घरापर्यंत आलो.

बुधवारी मी स्वतः बसलो. दुकानातून नवा बल्ब आणला होता. मागच्या दिव्याची काच काढायला दोन स्क्रू आणि एक तास लागला. जुना बल्ब उजेडात धरून पाहिला, तार शाबूत होती. तरी नवा लावला. पेटला नाही. उजवीकडचा चालणारा बल्ब काढून डावीकडे लावला. तोही पेटला नाही. डावीकडचा उजवीकडे लावला, तो लगेच पेटला. म्हणजे दोष बल्बचा नव्हता. इथपर्यंत मला माझं कौतुक वाटलं, पण इथून पुढे काय ते मला माहीत नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे एक शेजारी लिफ्टमधून उतरले. "अंकल, किसी को बुला लो ना. इस उमर में क्यों..."

"तुम्हाला पार्किंग हवंय, ते मला माहीत आहे," मी मराठीत म्हणालो. त्यांना किती कळलं कोण जाणे.

मग मी गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. पंधरा वर्षांत ते कुणी उघडलेलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. छापील मजकूर समोर आला की मी जरा शांत होतो. इंडिकेटर नेहमीपेक्षा जलद वाजत असेल तर त्या बाजूचा एक दिवा पेटत नाही असं समजावं. बल्ब तपासावा. बल्ब ठीक असेल तर जोडणी तपासावी. आणि जोडणीच्या खाली, इंग्रजीत पृथ्वीला जो शब्द आहे तो.

मी तो मनात वाचला, मग हळूच मोठ्याने, मेकॅनिक म्हणाला असता तसा. अर्थ.

घराच्या वायरिंगमधलं 'अर्थिंग' मला ठाऊक होतं. इलेक्ट्रिशियनने सांगितलेलं, भिंतीतलं, तिसऱ्या भोकाचं. पण शेपटी काढून टाकलेला हा शब्द माझ्या कानावर कधीच आला नव्हता. गाडीत करंट एका तारेने दिव्यापर्यंत येतो आणि पत्र्यातून परत जातो. परत जायची ती वाट म्हणजे अर्थ. ती तुटली की करंट दुसऱ्या दिव्यांतून वाट शोधतो, म्हणून ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा उजळायचा. त्या माणसाने मला एका वाक्यात बिनचूक निदान सांगितलं होतं.

मला हसू यायला हवं होतं. आला तो रागच, आणि आता तो कुणावर काढायचा हे कळेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका समासात लाल पेनने दाखवल्या. एवढा एक शब्द मला ऐकता आला नाही.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा गाळ्यासमोर. तो दुसऱ्या गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते. मी आलोय हे त्याला कळलं होतं, कारण पाय हलायचे थांबले.

"काय काका, घावला का अर्थ घरी?"

"माझी चूक झाली."

"काय? आवाज न्हाय येत खाली."

"माझी चूक झाली. मला शब्द कळला नाही."

"शिकलेली मानसं तुम्ही," गाडीखालून आवाज आला. "आमाला वाटलं तुम्हाला सगलेच शब्द येतात."

अर्धा तास त्याने मला उभं ठेवलं. मला ते मान्य होतं. मग उठला, काही न बोलता डिकी उघडली, आतलं कार्पेट बाजूला केलं, डाव्या कोपऱ्यातलं अस्तर ओढलं. पत्र्यावर एक बोल्ट होता, त्याच्याखाली काळी तार. बोल्टभोवती तांबडा, पापुद्र्यांचा गंज. त्याने बोल्ट काढला, पॉलिशपेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, तारेचं टोक घासलं, बोल्ट पुन्हा घट्ट कसला, वर ग्रीस लावलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"खाडीची हवा," तो म्हणाला. "आमच्या आज्यानं जल्मभर मीठ काढलं, आता त्येच मीठ लोकांच्या गाड्या खातंय. ताईंना म्हाइत होतं. दर वर्षी पावसाच्या आधी यायच्या, मी ह्यो बोल्ट घासून द्यायचो. औंदा न्हाय आल्या. का वो?"

"औंदा ती आजारी होती," मी म्हणालो. "चार महिने झाले तिला जाऊन."

त्याच्या हातात अजून पान्हा होता. त्याने तो डिकीत ठेवला, पुन्हा उचलला. "मंग मंगलवारी सांगायचं ना," तो जवळजवळ ओरडलाच. "मी इचारलं ना तुम्हाला, ताई न्हाय आल्या का म्हनून? भांडत काय बसलात!"

"बसा, लावून बघा," तो म्हणाला, आणि मागे जाऊन उभा राहिला. मी डावा इंडिकेटर लावला. टिक, टिक, संथ. ब्रेक दाबायला त्याने हातानेच खुणावलं. मग त्याच हाताने सगळं ठीक असल्याची खूण केली आणि तो गाळ्यात निघून गेला.

शुक्रवारी मैदानावर तपासणाऱ्याने डावा म्हटलं, उजवा म्हटलं, ब्रेक म्हटलं, आणि हातातल्या कागदावर खुणा केल्या. मागच्या दिव्याकडे त्याने दोन सेकंदसुद्धा पाहिलं नाही. गाडी पास झाली.

तिथून मी थेट इंद्रलोकला गेलो. इतक्या लांब मी एकटा कधीच गाडी नेली नव्हती. पाठीला शर्ट चिकटला होता. मुलाला खालून फोन केला. तो चपला घालून खाली आला, दाढी वाढलेली, हुबेहूब माझ्यासारखा. गाडीभोवती एक फेरी मारली.

"कोण घेऊन आलं?"

"मी."

"मैदानावरून?"

"हो. त्याआधी घरापासून मैदानापर्यंत."

मी कागद पुढे केला. त्याने तो बॉनेटवर ठेवला, पेन मागितलं. माझ्या खिशात फक्त लाल होतं. तो वॉचमनकडून निळं घेऊन आला आणि सही केली, दोन्ही ठिकाणी, तारखेसकट. कागद माझ्या हातात देताना त्याने तो लगेच सोडला नाही.

"हे तेव्हा जमलं असतं, बाबा."

चार महिने मी ह्या वाक्याला देण्यासाठी उत्तरं जमवली होती. तिचा स्वभाव, माझे डोळे, घोडबंदरचे ट्रक, तिचा तो विनोद. एकेक उत्तर मी अनेकदा सुधारून ठेवलं होतं.

"जमलं असतं," मी म्हणालो.

त्याने कागद सोडला. त्याला बहुतेक भांडण हवं होतं, त्याची तयारी दिसत होती. तो वळला आणि जिन्याकडे गेला. मला वर या म्हणाला नाही. त्या अरुंद जागेत गाडी वळवायला मला पाच वेळा मागेपुढे करावं लागलं, आणि पाचही वेळा वॉचमन शिट्टी फुंकत राहिला.